इंजिन गार होईपर्यंत

थोरल्या भावाकडं त्याच्या होडीचं इंजिन मागायचं तरी कसं, हे करावे गावच्या धक्क्यापर्यंत पोचूनही सितारामला सुचलं नव्हतं. सोबत दत्तू मेस्त्री होता. तो काही सुचवील अशी आशा नव्हती. दत्तूला फक्त इंजिनं कळत.

सितारामच्या जुन्या फार्गो ट्रकच्या इंजिनाला उभी चीर गेली होती. सोमवारपासून नव्या शहरासाठी मुरूम टाकायचं काम निघत होतं, आणि गाडी उभी दिसली की तिची पाळी दुसऱ्याला, असं मुकादमानं तोंडात पान असतानाही स्पष्ट सांगितलं होतं. नवं इंजिन घ्यावं तर ते ट्रकपेक्षा महाग. होतं तसंच पेट्रोलचं जुनं कुणीही फुकट दिलं असतं, पण पेट्रोल जाळून मुरूम वाहणं म्हणजे तुपाचे दिवे लावून गोठा झाडणं. राहता राहिलं डिझेल. कुर्ल्याच्या भंगारबाजारात एक सापडलंही. पहिल्याच हँडलला लागलं. सिताराम खूश. दत्तूनं मात्र ब्लॉकवर तळहात ठेवला आणि चटकन उचलला. गिऱ्हाईक यायच्या आधी कुणीतरी ते तापवून ठेवलं होतं. दुकानदार म्हणाला, उन्हानं तापलंय. दुकान सावलीत होतं.

"गार इंजिन खरं बोलतं," परतताना दत्तू म्हणाला. "तापल्यावर काय, सगळीच गोड बोलतात."

मग त्यानंच सितारामच्या थोरल्या भावाच्या, मारोतीच्या होडीचं नाव काढलं. तिच्यातलं डिझेल इंजिन मूळचं ट्रकचंच, दत्तूनंच बसवलेलं.

मारोती धक्क्याला टेकून जाळं शिवत बसला होता. भरती होती, होडी बाजूलाच डुलत होती. खाडीचं पाणी नासल्यापासून गावातल्या बऱ्याच होड्या नुसत्या बांधून होत्या. मारोतीची तेवढी रोज जाते, असं मारोती सांगे. मासळी कुठं जाते ते कुणी विचारत नसे.

सितारामनं गाडीची हकिगत सांगितली, मुकादमाची सांगितली, कुर्ल्याची तर दोनदा सांगितली. मागणं काही तोंडातून निघेना. शेवटी मारोतीच म्हणाला, इंजिन बघायचं तर बघा बाबा, पण आत्ताच धंद्यावरून आलोय, हात जपून लावा, तापलेलं हाय.

सिताराम होडीत उतरला. झाकण काढलं. ब्लॉकवर हात ठेवला.

रांजणाच्या बुडासारखा गार होता. धूर निघायच्या नळीच्या तोंडावर एका कोळ्यानं जाळं विणलं होतं, आणि मारोतीच्या जाळ्यापेक्षा ते जास्त वापरातलं दिसत होतं.

सितारामनं बोटानं ते जाळं पुसून टाकलं. हात झटकला.

"हो रं दादूस. चांगलंच गरम हाय."

"मग काय उपयोग?" दत्तू वरून म्हणाला. "गरम इंजिन मी तपासनार नाय. गार होऊ दे."

तेव्हा तिघंही इंजिन गार व्हायची वाट बघत बसले. दत्तूनं विडी पेटवली. मारोतीनं दोनचार गाठी मारल्या, त्यातली एक उसवली. मधेच सिताराम उठून होडीत वाकला आणि अजून थोडं आहे म्हणाला. गार इंजिन गार व्हायला किती वेळ लागतो याचा अंदाज कुणालाच नव्हता, त्यामुळं घाईही करता येईना.

मारोतीची बायको सुंदराबाई चहा घेऊन आली. कसली वाट बघताय, तिनं विचारलं. इंजिन गार व्हायची, मारोती जाळ्यातून मान न काढता म्हणाला. तिनं उघड्या इंजिनाकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, मग दिराकडं.

"येल लागंल," ती म्हणाली. "आजून एकेक कप घ्या."

चहा झाल्यावर दत्तू उतरला. तळहात ठेवला, क्षणभर तसाच ठेवला, आणि पहिल्यांदाच इंजिन सोडून सितारामच्या तोंडाकडं बघितलं. मग हँडल मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्याला इंजिन खोकलं आणि लागलं. काळा धूर सोडला, मग पांढरा, मग ठोका धरला. दत्तू कान लावून उभा राहिला. मिठाच्या पाण्यानं नळ्या खाल्ल्यात, त्या बदलतो, म्हणाला. बाकी हेच घ्यायचं.

"घे," मारोती म्हणाला. "तुजी गाडी अडली म्हणून देतो. नायतर चालती होडी कोन मोडतो?"

"कोनच नाय, दादूस."

"मुरूम कंच्या गावाला टाकनार?"

सितारामनं हनुवटीनं समोर दाखवलं. "इथंच. आपल्या खाजनात. पार खाडीपरयंत."

मारोतीनं समोरच्या खाजणावर, भरतीचं पाणी शिरलेल्या त्या चिखलवटीवर, एकदा नजर टाकली.

"बरं हाय. लांब जावं नाय लागनार. डिझेल वाचंल."

शेजारचे सहाजण हाकेसरशी आले. दोरखंड आवळले, वासा घातला, आणि इंजिन होडीतून निघून धक्क्यावर आलं. ते सुटलं तशी होडी मागून हातभर वर उचलली गेली आणि नाक पाण्यात खुपसून डोलायला लागली. पोरं हसली. दत्तूनं इंजिन हातगाड्यावर चढवून घेतलं आणि गाडा पुढं ओढला.

"येतोस ना, दादूस?" सितारामनं विचारलं.

"तुमी व्हा पुढं."

मारोती होडीत उतरला. इंजिनाच्या रिकाम्या पाटांवर, गुडघे पोटाशी घेऊन, तो नीट बसला. होडी थोडी खाली बसली. पहिल्याइतकी नाही.