गेल्या चार आठवड्यांत

"गेल्या चार आठवड्यांत तुम्ही काम शोधलंत का?" पाहणीवाल्या बाईंनी टॅबवरून मान वर न करता विचारलं.

लेथ मशीन चालवणारा तो टर्नर उत्तर देणार, तेवढ्यात त्याची बायकोच बोलली. "म्हणजे काय! रोज जातात. सकाळी आठला बाहेर, संध्याकाळी सहाला घरात. कारखाना बंद पडल्यापासून एका दिवसाचा खाडा नाही."

टर्नर खुर्चीच्या कडेवर टेकला होता. रविवार होता, बाहेर सटकायला काही कारण नव्हतं. दर महिन्याला बेकारीचा जो आकडा जाहीर होतो, तो अशीच काही घरं निवडून, तिथल्या माणसांना विचारून काढतात. या खेपेला नेमकं त्याचं घर निघालं होतं. आयुष्यात कधी लॉटरी लागली नाही, आणि लागली ती ही.

"कसं शोधलं, तेही लिहावं लागतं," बाई म्हणाल्या. पंचविशीच्या असतील, दिवसभर जिने चढून दमलेल्या. "अर्ज केला, कुणाला भेटलात, कुणाकडे शब्द टाकलात?"

बायको बोटं मोजायला लागली. "सोमवारी पंपवाल्यांकडे. तिथले मोठे साहेब फार चांगले आहेत, पुढच्या महिन्यात बोलावतो म्हणालेत. बुधवारी गिअरवाल्यांकडे. तिथे लेथवर चाचणीसुद्धा दिली यांनी. आणि परवा ते... काय हो त्यांचं नाव?"

टर्नरच्या तोंडचं पाणी पळालं. ते मोठे साहेब त्यानेच घडवले होते, सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसून. तिथे पंखा होता, प्यायला पाणी होतं, आणि डोकं धरून बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नव्हतं. महिनाभर तो तिथेच बसत होता. त्याआधी अकरा महिने त्याने खरोखर जोडे झिजवले होते. मग एका फाटकावरच्या वॉचमनने त्याला ओळखलं आणि लांबूनच हात हलवून 'नाही' केलं. त्या दिवसापासून त्याचे पाय उचलेनात. पण रोज संध्याकाळी बायको दारात उभी असायची, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघितलं की काहीतरी बनवून सांगावंच लागायचं.

आता ती तेच सगळं मोठ्या अभिमानाने लिहवून घेत होती. ते त्याला बघवेना. पंचवीस वर्षं लेथवर काढली, पण केसभरही खोटं माप त्याने कधी लिहिलं नव्हतं.

"ते लिहू नका," तो म्हणाला. "नाही शोधलं."

"अहो, असं काय करताय?"

"कुठेच गेलो नाही मी. महिना झाला. दवाखान्यात जाऊन बसतो. ते साहेब वगैरे कुणी नाहीत."

बायकोची बोटं तशीच दुमडलेली राहिली. रडली असती, भांडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं.

बाईंनी टॅबवर खूण केली.

"यांचं काय लिहिलंत?" बायकोने विचारलं. "बेकार?"

"नाही. काम शोधलं नसेल तर बेकारांत धरत नाहीत."

"मग काय, कामावर आहेत म्हणून लिहिलंत?"

"तसंही नाही, काकू. त्यांना बाजूला ठेवतात. दोन्हींत धरत नाहीत."

सकाळीच टर्नरच्या मेहुण्याने फोन करून पेपरातली बातमी वाचून दाखवली होती. बेकारी घटली, रोजगाराच्या बाजाराला उभारी. आता तुमचं काम झालंच म्हणून समजा, असंही वर म्हणाला होता. बेकारी घटली ती कशी, हे टर्नरला आत्ता कळलं. त्याच्यासारखे कितीतरी जण कुठल्या कुठल्या बाकांवर बसून देशाची तब्येत सुधारत होते. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, अजून आठवून बघा," बाई हळूच म्हणाल्या. "कुणाला नुसतं तोंडी विचारलं असेल, अगदी आजसुद्धा, तरी ते शोधणंच झालं. कुणालाही विचारलेलं चालतं."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. विचारा ना, यांनाच विचारा, एवढीच विनवणी त्या पाहण्यात होती. टर्नरने तोंड उघडलं. तुमच्या ऑफिसात काही आहे का? पाच शब्द. त्यातला पहिलाही बाहेर पडेना. वॉचमनचा तो हात डोळ्यांपुढे हलत राहिला. त्याने मान खाली घातली.

बाई पुढच्या नावाकडे वळल्या. "काकू, तुमचं घरकाम लिहू ना?"

"नको," बायको म्हणाली. "तुमच्या ऑफिसात काही काम आहे का? झाडलोट, चहापाणी, काहीही."

बाई गडबडल्या. "अहो काकू, माझंच कंत्राट या महिन्यापुरतं आहे. तिथे कुठलं..."

"नसू दे. मी विचारलं ना? तेवढं लिहा."

बाईंनी लिहिलं. "किती दिवसांपासून शोधताय, तेही टाकावं लागतं."

"आजपासून."

नियमाप्रमाणे बाईंनी शेवटी सगळं वाचून दाखवलं. "घरात माणसं दोन. कामावर एकही नाही. बेकार, एक."

मग त्यांनी टॅब टर्नरपुढे धरला. कुटुंबप्रमुख म्हणून सही त्यालाच करायची होती.