मागच्याच्या चालीनं

सासऱ्यांचा गुडघा पुन्हा धरला, तेव्हा खिंड अगदी हाकेच्या अंतरावर होती. ते दगडावर टेकले, काठी मांडीवर आडवी घेतली आणि म्हणाले, "जावईबापू, तुम्ही व्हा पुढे. मी येतो हळूहळू."

जावयाने पाठीवरची सॅक उतरवली. मनात आलं, व्हावंच पुढे. पण डोंगरातला नियम त्यानेच पहिल्या सकाळी सासऱ्यांना ऐकवला होता, तोही जरा छाती फुगवून. सगळ्यात मागच्याच्या चालीनं चालायचं आणि मागच्याला सोडून जायचं नाही. आता आपलेच शब्द गिळायचे कसे?

"तंबू इथेच लावू," तो म्हणाला. "खिंड उद्या."

"तुमचा खोळंबा होतोय माझ्यापायी."

"चालायचंच."

चालायचंच कसलं? ठरल्याप्रमाणे एव्हाना तो घरी असायला हवा होता. कारखान्यात त्याच्या हाताखालची माणसं मोकाट सुटली असतील, ते एक. आणि घरी बायकोचा हात प्लास्टरमध्ये. जिन्यावरून पडली होती. धांदरटपणा जन्माचा, तो काय लग्नाने जातो? तिच्यापाशी आपल्या आईला आणून बसवलं, तेव्हा कुठे त्याने उंबरठा ओलांडला. एरवी तो कामावरून तासातासाला तिला फोन करायचा. इथे सबंध खोऱ्यात रेंजचा पत्ता नव्हता.

तसा तो हौसेनेच आला होता. हात मोडल्यापासून बायकोने माहेरी जाण्याचं टुमणं लावलं होतं, आणि एकदा गेलेली बाई चार जणींचं ऐकून कशी परत येते, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. तिला गप्प करू शकेल असा माणूस एकच, तिचा बाप. अशात तोच बाप म्हणाला, पाय चालताहेत तोवर एकदा मोठे डोंगर दाखवा. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. वाटेत म्हाताऱ्याला आपल्या बाजूने वळवून घ्यायचं, असा त्याचा बेत होता.

जागा मात्र सासऱ्यांनी निवडली. जावयाने नकाशावर दोन-तीन वाटा दाखवल्या, तेव्हा प्रत्येकीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "इथे फोन लागतो?" जिथे लागत नव्हता ती वाट त्यांना पसंत पडली. म्हाताऱ्या माणसाला शांतता हवी असते, असं जावयाला वाटलं. सासऱ्यांनी तांदूळ-डाळही दुप्पट बांधून घेतली होती, त्यावरून त्याने त्यांची थट्टाही केली होती.

चहा झाल्यावर त्याने विषय काढला.

"तिला माहेरी पाठवायला माझी ना नाही, बाबा. पण तिथे तिचं करणार कोण? आणि ती तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. मागे दोनदा रुसून आली होती, तेव्हा तुम्हीच समजूत घालून आणून सोडलीत. असा बाप हवा."

"हो," सासरे म्हणाले. "मीच आणून सोडली."

"या वेळीही तुम्हीच सांगा."

"सांगू की." त्यांनी पेला विसळला. "लहानपणी झाडावर चढायची. खाली उभं राहून माझा जीव टांगणीला लागायचा. पण पडली नाही कधी."

"आता लक्ष नसतं तिचं," जावई म्हणाला.

सासऱ्यांनी विसळलेला पेला सॅकमध्ये सारला. त्यांचा जन्म विजेच्या खांबांवर चढण्यात गेला होता. विषय सोपा करावा म्हणून जावयाने विचारलं, "तुम्हाला कधी झटका बसला नाही?"

"आधी पुरवठा तोडायचा, मगच तारेला हात लावायचा. ज्यांनी घाई केली, त्यांना पेन्शन मिळाली नाही."

जावई हसला. म्हातारा आपल्या बाजूचा आहे, याची त्याला खात्री पटली आणि गुडघ्याचा राग बराचसा निवळला.

दुसऱ्या दिवशी खिंड ओलांडली, पण उतरणीवरही तेच रडगाणं. ओढ्यापाशी सासऱ्यांना चक्कर आली, कुरणात पोट बिघडलं. प्रत्येक वेळी "तुम्ही व्हा पुढे" आणि प्रत्येक वेळी जावई दात-ओठ खात थांबला. शेवटी एका वळणावर खाली डांबरी रस्ता दिसला आणि खिशातला फोन थरथरायला लागला. थांबेचना.

त्याने आधी बायकोला फोन लावला. बंद. मग आईला.

"अरे, होतास कुठे?" आई रडकुंडीला आली होती. "तुम्ही निघालात त्याच दुपारी प्लास्टर दाखवून येते म्हणून गेली ती गेलीच. कपाट रिकामं आहे. तिच्या भावाकडे नाही, मावशीकडे नाही. तेव्हापासून तुला फोन लावतेय."

जावई गर्रकन वळला. सासरे काठीला हातही न लावता उभे राहिले होते आणि सॅकचे पट्टे आवळत होते.

"कुठे ठेवलीत तिला?" तो ओरडला.

"मलाही माहीत नाही," सासरे म्हणाले. "आधी दोनदा मीच तिला तुमच्या दारात परत आणून सोडली. म्हणून या वेळी तिला बजावलं, पत्ता मलासुद्धा कधी कळू देऊ नकोस."