बांगड्यांवरचं लंगोट

बाळ दुपारचं झोपल्यावर वेदिकाने पंखा बंद करून सतारीसमोर पेनाएवढा बारीक कंडेन्सर माइक लावला. बोटीवर निघताना नवऱ्यानेच तो रत्नागिरीतून आणला होता. तिची सतार त्याला भर समुद्रात ऐकायची होती. पण माइकचे कान फार तिखट. प्रत्येक आघाताबरोबर तारेआधी बांगड्याच किणकिणायच्या. ती बांगड्या उतरवू लागली, तशा सासूबाई म्हणाल्या, “हात ओकेबोके करू नको गो, लेक माझा पाण्यावर आहे.” मग तिने बाळाचं धुतलेलं लंगोट बांगड्यांवर घट्ट गुंडाळलं आणि वाजवलं. रेकॉर्डिंग अगदी स्वच्छ आलं. तिने ते लगेच पाठवलं. चौथ्या दिवशी बोटीला रेंज मिळाली आणि त्याचा मेसेज आला: “सुंदरच. पण बांगड्या नाही वाजल्या. तूच वाजवलीस ना?” त्या दुपारी सतार भिंतीशीच ठेवून ती माइकसमोर नुसता उजवा हात हलवत बसली.