एक बोट पुढे

"इथपर्यंत." सर्जनने एक्स-रेवर बोट टेकवलं. उजव्या जबड्याचं हाड आतून पोखरलं होतं, साबणाच्या फेसासारखे बुडबुडेच बुडबुडे. हनुवटीच्या अलीकडे ते संपून पुन्हा पांढरं हाड लागत होतं. "गाठ इथे संपते. इथेच कापायचं, म्हणजे हनुवटी वाचते."

"एक्स-रेत संपते, सर," त्याची बायको म्हणाली. ती त्याच हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट होती. ती नवऱ्याला 'सर' म्हणाली की काहीतरी बिनसलंय, हे अख्ख्या मजल्याला कळायचं.

तिने त्याला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. काचेवर गाठीच्या कडेपलीकडून काढलेला हाडाचा तुकडा होता. एक्स-रेत ठणठणीत दिसणाऱ्या त्या हाडाच्या फटीफटींत गाठीच्या पेशी शिरल्या होत्या. वाढीला लागलेल्या पेशी रंग लावल्यावर तपकिरी दिसतात. त्या नेमक्या पुढच्या टोकालाच दाटल्या होत्या.

"दिसल्या?"

"दिसल्या." त्याने मान वर केली नाही. "पण एक बोट पुढे गेलो तर हनुवटीचा कोपरा जातो. त्या पेशंटबाईचं पार्लर आहे गं. जबड्यात पायाचं हाड बसवलं तरी चेहरा पहिल्यासारखा नाही व्हायचा."

"आणि गाठ पुन्हा आली तर? तेव्हा कुठल्या तोंडाने सांगशील तिला?"

नवऱ्याचं मन लोण्याचं, हे तिला लग्नाआधीपासून माहीत होतं आणि आवडतही होतं. आज मात्र तिला त्याचा राग येत होता. त्या बाईसाठी वाईट तिलाही वाटत होतं, पण रिपोर्टातला एक शब्दही ती मऊ करणार नव्हती.

"चल," ती म्हणाली. "तिलाच सांगू."

पार्लरवाली तपासणीच्या खोलीत बसली होती. केस नीटनेटके, डोळ्यांत काजळ, आणि उजवा गाल लिंबू धरल्यासारखा फुगलेला. सर्जनने समजावायला सुरुवात केली, पण गाडी काही मुद्द्यावर येईना.

"असं हवेत हात फिरवून मला कळत नाही," ती म्हणाली. "गालावर काढून दाखवा."

त्याने मार्करचं टोपण काढलं आणि हनुवटीच्या बरंच अलीकडे एक उभी रेघ ओढली. पार्लरवालीने भिंतीवरच्या आरशात पाहिलं. मग आरशातूनच तिने पॅथॉलॉजिस्टकडे नजर वळवली.

"इथे कापलं की संपलं?"

"नाही. निदान एक बोट पुढे जायला हवं."

"मग हे इथेच का थांबले?"

"तुमच्या चेहऱ्याकडे बघून."

पार्लरवालीच्या डोळ्यांत पाणी आलं, तसं काजळ पसरू नये म्हणून तिने ते बोटाच्या टोकाने अलगद टिपलं. मग सर्जनच्या हातातला मार्कर घेतला. रेघेला लागून आपलं बोट उभं ठेवलं आणि बोटाच्या पलीकडच्या बाजूने, थेट हनुवटीवर, दुसरी रेघ ओढली. हात जराही हलला नाही.

"चेहऱ्याचं माझं मी बघते, सर," ती म्हणाली. "तुम्ही इथे कापा."