तिसरा वाटा

“अनशापोटीच घ्यायचं असतं गो ह्ये,” बकुळाकाकी म्हणाली आणि बाटलीतला हिरवट रस तिने पेल्यात ओतला.

ऋतिका पायरीवर बसली होती. अंगावर बाहेर जायचा ड्रेस, मांडीवर पिशवी. तिची आई रुपाली दारात येऊन रस्त्याकडे बघत होती, घरात जात होती, पुन्हा दारात येत होती. रिक्षा तिने मुद्दाम लांबच्या स्टँडवरून सांगितली होती. जवळचे रिक्षावाले कुठे जायचं ते विचारतात, आणि मग ते अख्ख्या आळीला कळतं.

“आज नको देऊस तिला, काकी.”

“का? जेवली काय?”

“नाय. तिला आज उपाशीच ऱ्हायाचं हाय.”

“मग बरंच झालं की!”

मासळीवर वाढलेल्या पोरीला मासळीच्याच वासाने ओकाऱ्या व्हायला लागल्या, तेव्हा घाबरून रुपालीने कावीळ झाली म्हणून ठोकून दिलं होतं. थाप तशी बरी होती. फक्त काविळीवर औषध माहीत नाही असं माणूस आळीत एकही नाही, हे ती विसरली. कुणी ऊस आणून दिला, कुणी मुळ्याची पानं. बकुळाकाकी तर पार हेदवीच्या बाजूला जाऊन कुठल्याशा वैदूकडून पाला घेऊन आली होती, आणि तो तिने स्वतः वाटला-गाळला होता.

अंगणात ओल्या गोणपाटावर बांगड्यांचे दोन वाटे पडले होते. काकी आणि रुपाली रोज बंदरावरच्या लिलावात दोघींत मिळून मासळी घ्यायच्या, इथे अंगणात निम्मी निम्मी करायच्या आणि बाजाराला जायच्या. आज रुपालीने आपल्या वाट्याकडे बघितलंही नव्हतं.

ऋतिकाने पेला तोंडाला लावला. मग खाली घेतला.

“काकी, यानं काय होणार नाय ना?”

“तुला काय व्हनार? बरी व्हशील.”

“मला नाय...”

तिचा दुसरा हात पिशवीखाली पोटावर गेला होता आणि तिथेच राहिला होता.

रुपालीने तो हात बघितला. आता थोड्या वेळाने ही डॉक्टरच्या टेबलावर निजणार, आणि घोटभर पाल्याच्या रसाला भितेय!

काकीनेही तो हात बघितला. ऋतिकाकडे बघितलं, रुपालीकडे बघितलं. मग तिने पेला काढून घेतला आणि अबोलीच्या कुंडीत रिकामा केला.

“कावीळ म्हणे,” ती म्हणाली.

“काकी, पाया पडते तुझ्या, कुणाला बोलू नको.” रुपालीचा आवाज फाटला. “त्या विनीतचा फोन बंद हाय. शिमग्याला हिचा बापूस येणार मुंबईवरनं. पालखी दारात येणार. मी तोंड कुठं लपवू? डॉक्टरनी आजच बोलवलंय, एकदा मोकळी झाली की...”

“तुला कोण विचारतंय? मी हिला विचारते. ऋतिका, तुला काय व्हया गो?”

ऋतिका बघतच राहिली. कुठला डॉक्टर, कुठला दिवस, कुठला ड्रेस, सगळं तिला सांगण्यात आलं होतं. विचारलं कुणीच नव्हतं. तिला आधी रडूच आलं.

“मला नाय जायचं,” ती म्हणाली. “पण नाय गेले तर मग कुठं जाऊ?”

बाहेर हॉर्न वाजला. रिक्षा आली होती.

“माझ्याकडं,” काकी म्हणाली. “माझ्या लेकाची, संदेशची खोली मोकळीच हाय. बाळंतपण मी काढते. विनीतला हुडकायचं तर मागनं हुडकू, नायतर नाय.”

“आणि लोकं?” रुपाली म्हणाली. “पालखी आली म्हंजे दारात सगळी लोकं असतात.”

“पालखी आली म्हंजे लोकं ओटी पसरून काय मागतात गो? पोरच मागतात ना? हिच्यासाठी तूच नारळ ठेवला होतास. मी बाजूला उभी होते.”

रुपाली पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली.

काकी गोणपाटाशी उकिडवी बसली. दोन्ही वाटे तिने एकात एक केले आणि पुन्हा मांडायला घेतले. एक माझा, एक तुझा, एक तिसरा. हात भराभर चालत होते. मोठे बांगडे संपले तसा तिसरा वाटा बारीकसाच झाला.

“ह्यो कोणाचा?” रुपालीने विचारलं.

“हिचा. वास सोसत नाय तवर तिचा मी विकीन. मग ती बसंल माझ्या बाजूला.”

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. “ओ मावशी, येताय ना?” रिक्षावाला ओरडला.

ऋतिका पिशवी घट्ट धरून आईकडे बघत होती. रुपाली दारातून निघाली, फाटकाच्या दिशेने दोन पावलं गेली आणि थांबली. मग वळली आणि गोणपाटाशी येऊन बसली. आपल्या वाट्यातले दोन चांगले मोठे बांगडे तिने उचलले आणि तिसऱ्या वाट्यावर ठेवले.

“एवढ्याशात दोघांचं कसं भागायचं?” ती काकीवर करवादली.

बाहेर हॉर्न वाजतच होता.