मीठ घातलेली कॉफी

मागणी घालायला आलेल्या मुलाला मीठ घातलेली कॉफी द्यायची आणि त्याने ती तोंड वाकडं न करता प्यायची, ही तुर्कस्तानातल्या आमच्या कायसेरी शहराची जुनी रीत. माझ्या नवऱ्याने मिशीतल्या मिशीत हसत कप रिकामा केला होता.

माझी भाची नेर्मिन डोळ्यांची डॉक्टर, तरी तिनेही रीत पाळली. पहिल्याच घोटाला मागणी घालायला आलेल्या केनानच्या डोळ्यांत पाणी आलं.

"प्रेम बघा माझ्या लेकाचं!" त्याची आई साबाहत हानम, म्हणजे साबाहतबाई, म्हणाल्या.

नेर्मिन मात्र त्याच्या लालभडक डोळ्याकडे बघत होती. "जरा आ करा." तोंडात फोड होते. "हे सारखे येतात? डोळाही असाच लाल होतो? मग दोन्हींच्या मुळाशी एकच दुर्मीळ आजार असेल. उद्याच दवाखान्यात या, नाहीतर दृष्टी जाईल."

साबाहत हानम ताडकन उठल्या. "दात तपासायला माझा मुलगा घोडा आहे का? असली आगाऊ सून नको आम्हाला!"

केनान मात्र दुसऱ्या दिवशी गेला. नेर्मिनच्या उपचारांनी आज त्याला लख्ख दिसतं.



दर तपासणीला साबाहत हानम सोबत येतात आणि हळहळतात, "एवढी गुणाची पोर तू, तुला अजून कुणी मागणी कशी घातली नाही गं?"