दोन खिसे

‘बंदूक हे भित्र्यांचं दैवत आहे!’ लॉवेल हाउगेन स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहून खणखणीत आवाजात म्हणाला, आणि खाली बसून आपल्या रिव्हॉल्वरला तेल द्यायला लागला.

ऐकायला कुणी नव्हतं. एक मांजर होती, तीही त्याने सकाळीच मेव्हणीकडे नेऊन सोडली होती.

मिनेसोटातल्या त्या छोट्या गावात हे वाक्य त्याने कितीतरी सभांत टाकलं होतं. वाचनालयामागच्या हॉलमध्ये टाळ्या पडायच्या. जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस. बोलायला लागला की कुणाच्या बापाला ऐकत नसे. तळघरात, जुन्या मासिकांच्या खोक्यांमागे काय आहे, तेवढं मात्र सभेत निघायचं नाही. गोळ्यांची पेटी आणली, की त्याच आठवड्यात तो बंदूकबंदीवाल्यांना देणगी धाडायचा. उपासाच्या दिवशी भजी खाल्ली म्हणून देवाला नारळ फोडावा, तशी. खडीच्या खाणीपाशी डबे उडवून आला की संध्याकाळभर शीळ घालायचा, आणि रात्री बायकोला म्हणायचा, ‘विकून टाकतो उद्या.’

‘लोकांचे नवरे बाटली लपवतात,’ लोर्ना म्हणायची. ‘माझ्याच नशिबी हे लोखंड.’

लोर्ना वसंतात गेली. लोखंड राहिलं. आणि या आठवड्यात ते तळघरातून वर, जेवणाच्या टेबलावर आलं होतं.

फोन वाजला. सिएटलहून मुलगी, इंग्रिड.

‘बाबा, काय चाललंय?’

‘फ्रीज धुऊन काढला.’

‘तू? आई होती तोवर तुला फ्रीजचं दार कुठल्या बाजूने उघडतं तेही माहीत नव्हतं!’

‘शिकतो माणूस.’

‘आणि बाबा... ते अजून घरात आहे?’

‘छे. केव्हाच देऊन टाकलं.’

‘शपथ?’

‘चांगल्या घरातली माणसं शपथा घेत नाहीत.’

‘म्हणजे आहे.’

‘नाही म्हटलं ना! पोरांना माझ्या वतीने जवळ घे. ठेवतो.’

ती पुढे काहीतरी विचारत होती, पण त्याने फोन ठेवला होता.

खिडकीतून समोरचं घर दिसत होतं. ड्वेन क्रॉलचं. दारात झेंडा, झेंड्याखाली ट्रक, ट्रकवर आणखी दोन झेंडे. एकाच झेंड्याने आपण कोण ते लोक विसरतील, अशी भीती असावी. लॉवेलच्या अंगणात ‘बंदुका आवरा’ अशी पाटी होती, आणि ड्वेनचा कुत्रा रोज सकाळी त्या पाटीबद्दलचं आपलं मत तिच्या खांबावर नोंदवून जात असे. आज मात्र पाटी आडवी पडली होती आणि तिच्यावरून चाकांचे वळ गेले होते.

परवाच भर रस्त्यात जुंपली होती.

‘मास्तर,’ ड्वेन ओरडला होता, ‘वेळ आली ना, की धावत माझ्याच दारात येशील. बघ!’

‘तुझ्या दारात यायच्या आधी मी मरेन.’

‘तेही बघू!’ ड्वेन खो खो हसला होता.

लॉवेलने रिव्हॉल्वर पुसून टेबलावर ठेवलं. गोळ्या शेजारी ओळीने मांडल्या. समोरच्या घरात दिवा लागला. टेबल आणि ती खिडकी, टेबल आणि ती खिडकी, अशी त्याची नजर बराच वेळ जा-ये करत राहिली. आज काय तो निकाल लागायलाच हवा होता. आणखी एक रात्र हे टेबलावर ठेवून काढणं त्याच्याच्याने होणार नव्हतं.

तो उठला. कोट घातला. रिव्हॉल्वर उजव्या खिशात, गोळ्या डाव्या. दोन्ही एकत्र नेऊ नयेत, असा नियम. असल्या कामाला निघतानाही माणसाने नियम पाळावा, असं त्याला वाटलं.

बाहेर अंधारून आलं होतं. बर्फ भुरभुरत होतं. कुत्रा भुंकायला लागला. लॉवेल मोडकी पाटी ओलांडून, रस्ता ओलांडून थेट ड्वेनच्या पायऱ्या चढला आणि त्याने घंटी दाबली.

दार अर्धंच उघडलं. ड्वेनचा उजवा हात दाराआड होता. तिथे तो हात कशावर असतो, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. ड्वेननेच सांगून ठेवलं होतं.

‘मास्तर?’ ड्वेनने आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग कोटाच्या फुगलेल्या खिशात गेलेल्या हाताकडे. ‘हे बघ, पाटीचं म्हणशील तर ट्रक घसरला माझा. देवाशप्पथ. उद्या नवी ठोकून देतो.’

‘पाटीसाठी नाही आलो.’

‘मग खिशातला हात बाहेर काढ. सावकाश.’

आतून खिमा-बटाट्याचा गरम वास येत होता.

‘कोण आहे हो?’ ड्वेनची बायको रोंडा स्वयंपाकघरातून ओरडली.

‘कुणी नाही! तू तिथेच थांब!’ ड्वेनने नजर न हलवता सांगितलं. ‘मास्तर, वेडेपणा करू नकोस. तीस वर्षं शेजारी आहोत आपण.’

‘म्हणूनच आलो,’ लॉवेल म्हणाला.

त्याचा हात सावकाश बाहेर आला. ड्वेनचा खांदा दाराआड हलला.

पण पुढे आली ती रिव्हॉल्वरची मूठ होती. नळी लॉवेलच्या स्वतःच्या छातीकडे होती. मग डाव्या हाताने त्याने गोळ्याही पुढे केल्या.

‘हे तुझ्याकडे राहू दे, ड्वेन. मी मागायला येईन. गोड बोलेन, शिव्या देईन, कायदा शिकवीन. देऊ नकोस.’ तो जरा थांबला. ‘आणि फ्रीज मी पार रिकामा करून ठेवलाय रे. रोंडाला विचार ना, मला थोडं जेवायला वाढेल का?’